मांजराला लागलंय: आत्ता निघायचं, सकाळी जायचं की घरीच बघायचं?

मांजर रात्री बाहेरून येतं, एक पाय उचलून धरलेला, मानेजवळचे केस ओले चिकटलेले, आणि कोणाकडे न बघता सरळ पलंगाखाली शिरतं. घरात लगेच टॉर्च निघते आणि सगळ्यांची नजर जखमेवर जाते. रक्त किती, भोक केवढं, टाके पडतील का? पण डॉक्टरकडे कधी जायचं हे जखमेच्या आकारावरून ठरवता येत नाही. वीतभर लांब ओरखडा नुसता वरच्या कातडीचा असू शकतो, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या भोकाखाली कुत्र्याच्या दातांनी फाटलेले स्नायू असू शकतात. आधी श्वास बघायचा, मग हिरड्या, मग चालणं, मग लघवी. जखमेची पाळी त्यानंतर.

मांजर दुखणं लपवतं. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, असं समजू नका. मांडीवर येऊन घुरघुरतंय म्हणजे बरं आहे, हेही खरं नाही. मोडलेल्या पायाची, अगदी शेवटच्या घटका मोजणारी मांजरंही घुरघुरतात.

हात लावण्याआधी

खोलीची दारं-खिडक्या लावा, पंखा बंद करा (घाबरलेलं मांजर कपाटावर उडी मारतं), कुत्रा आणि लहान मुलं बाहेर काढा. मांजर जिथे बसलंय तिथेच राहू द्या. चार-पाच फुटांवर जमिनीवर बसा, मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा टायमर लावा आणि बरगड्यांच्या मागे, कुशीपाशी बघा. कूस वर येऊन खाली गेली की एक श्वास. काळ्या मांजराची कूस अंधारात दिसत नाही. तेव्हा मागच्या चादरीवरची एखादी रेघ नजरेत धरा, तिच्यापुढे केसांची कड हललेली कळते. मोजलेला आकडा दुप्पट केला की मिनिटाचे श्वास मिळतात.

स्वस्थ पडलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतात. भीतीने ते वाढतात, म्हणून दहा मिनिटांनी परत मोजा. शांत पडून असतानाही ४०च्या वर जात असतील तर पुढची तपासणी घरी करत बसू नका, निघा. कुत्रा दमल्यावर तोंड उघडून धापा टाकतो, ते त्याच्यासाठी नेहमीचं आहे. मांजर तसं करत असेल, मान पुढे ताणून कोपरं बाहेर काढून बसलं असेल, किंवा प्रत्येक श्वासाला पोट जोरात आत-बाहेर होत असेल, तर ते गुदमरतंय. अशा मांजराला टॉवेलात आवळू नका, उताणं करू नका, पुसू-धुऊ नका, पाणी पाजू नका. या अवस्थेत धरपकड केल्यानेच काही मांजरं दगावतात. हवा खेळती राहील अशा पिंजऱ्यात अलगद ठेवायचं आणि दवाखाना गाठायचा.

श्वास ठीक असेल तर चेहरा बघा. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. त्यात पाच गोष्टी बघतात: कान ताठ पुढे आहेत की बाजूला पडून एकमेकांपासून लांब गेलेत, डोळे उघडे आहेत की बारीक केलेत, नाकाड गोल आहे की ताणून लांबट झालंय, मिशा सैल वळलेल्या आहेत की ताठ सरळ, आणि डोकं खांद्यांच्या वर आहे की खाली गेलंय. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. बेरीज दहापैकी ४ किंवा जास्त आली तर मांजराला वेदनाशामकाची गरज आहे असं धरतात. ते औषध डॉक्टरनेच द्यायचं असतं, म्हणून ४ आले की दवाखान्यात जाणं ठरलं. मांजर झोपलेलं, खात असलेलं किंवा अंग चाटत असताना गुण देऊ नका, चुकतात.

हिरड्या, ताप आणि अंगभर हात

मांजराला टेबलावर किंवा मांडीवर जाड टॉवेलात सैल गुंडाळा, डोकं बाहेर. अंगठ्याने एका बाजूचा वरचा ओठ उचला. सुळ्याच्या वरची हिरडी फिकट गुलाबी, ओलसर हवी. बोटाच्या टोकाने ती सेकंदभर दाबून सोडा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि पुन्हा गुलाबी होते. याला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, किंवा हिरडी मुळातच पांढरीफटक असेल, तर रक्ताभिसरण ढासळलंय. बाहेर रक्त दिसत नसलं तरी पोटात किंवा छातीत रक्तस्राव चालू असू शकतो. निळसर हिरडी म्हणजे प्राणवायू कमी पडतोय. चॉकलेटी म्हणजे पॅरासिटामॉलसारखं विष पोटात गेलंय का, हा पहिला प्रश्न. बऱ्याच मांजरांच्या हिरड्यांवर नैसर्गिक काळे डाग असतात, त्यांची जीभ किंवा खालच्या पापणीची आतली बाजू बघा. तुमच्या मांजराचा नेहमीचा रंग तुम्हाला ठाऊक असायला हवा, त्यासाठी ते धडधाकट असतानाच एकदा ओठ उचलून बघून ठेवा.

मांजर शांत असेल तर ताप मोजा. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन, गुदद्वारातून सुमारे दोन सेंटिमीटर आत. मांजराचं नेहमीचं तापमान १००.४ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे माणसाला ताप वाटेल तो आकडा त्याला साधा आहे. १०३च्या वर गेलं तर त्याच दिवशी दाखवा. १०४च्या वर किंवा ९९च्या खाली असेल तर लगेच. कपाळावर धरायची बंदूक केसांवरून काही खरं सांगत नाही, आणि नाक कोरडं की ओलं यावरूनही काही ठरत नाही. मांजर ओरबाडू लागलं तर थर्मामीटरचा नाद सोडा.

मग डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन्ही हात एकाच वेळी दोन बाजूंनी फिरवा, म्हणजे डावं-उजवं ताडून बघता येतं. जबडा नीट मिटतो का, दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, छातीवर कातडीखाली पापड कुरकुरल्यासारखं लागतं का? तसं लागलं तर कातडीखाली हवा शिरली आहे, म्हणजे फुप्फुसाला किंवा श्वासनळीला इजा झालेली असू शकते. पोट दाबू नका, हात नुसता ठेवा. ते फळीसारखं कडक झालंय का एवढंच बघायचं. पंज्यांमध्ये एकेक नख बघा. शेवटी शेपटी: हलवतंय का, की दोरीसारखी लोंबतेय? एखाद्या ठिकाणी हात लागताच मांजर वळून चावायला आलं तर तो भाग लक्षात ठेवा आणि तिथे परत हात लावू नका.

ज्यात वाट बघायची नाही

पडणं. आपल्याकडच्या इमारतींत हे सगळ्यात जास्त होतं: सरकत्या खिडकीची जाळी निसटते, गॅलरीच्या कठड्यावर कबुतराच्या मागे झेप जाते. मांजर चार पायांवर पडतं हे खरं, पण आपटायचं चुकत नाही. न्यू यॉर्कमधल्या पशुवैद्यांनी १९८७ मध्ये उंचावरून पडून रुग्णालयात आणलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगली. अशा मांजरांत ठरलेल्या जागी लागतं: छाती, जबडा आणि टाळू, पुढचे पाय. हनुवटी जमिनीवर आपटते आणि टाळू मधोमध फाटतो, तो तोंड उघडल्याशिवाय दिसत नाही. फुप्फुसाला बसलेला मुका मार पहिल्या चोवीस तासांत वाढत जातो. संध्याकाळी पडलेलं मांजर चालतंय, थोडं दूधही प्यायलं आणि पहाटे श्वास लागला, असं घडतं ते यामुळे. दुसऱ्या मजल्यावरून किंवा वरून पडलं असेल तर ते चालत असलं तरी त्याच दिवशी तपासून घ्या, छातीचा एक्स-रे डॉक्टर सांगतील तर नको म्हणू नका.

गाडीचा धक्का. यात छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटतो, मूत्राशय फुटतं, कंबरेचं हाड मोडतं. खूण साधी असते: नखं घासून फाटलेली, पंज्यांना ग्रीस किंवा डांबर. थंडी-पावसात गाडीच्या बॉनेटखाली झोपलेल्या मांजरांना इंजिनच्या पट्ट्याने कापतं, त्यांच्या जखमा खोल असतात.

कुत्र्याचा चावा. कुत्रा मांजराला तोंडात धरून झटकतो. बाहेर दोन टोचे दिसतात आणि आत कातडी मांसापासून सुटून आलेली असते, बरगड्या मोडलेल्या असतात. कुत्र्याने धरलेलं मांजर कितीही ठीक दिसलं तरी लगेच न्यायचं. बरोबर रेबीजच्या लसीचं कार्ड घ्या.

मागचे दोन्ही पाय अचानक जाणं. मांजर किंचाळतं, पुढच्या पायांवर सरपटतं. घरच्यांना वाटतं कुठून तरी पडलं. मागच्या पंज्यांना हात लावून बघा. ते पुढच्यांपेक्षा गार आणि गाद्या पांढुरक्या किंवा जांभळट असतील तर ही जखम नव्हे. हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी महाधमनीच्या, म्हणजे शरीराच्या मुख्य रक्तवाहिनीच्या, फाट्यावर अडकलेली असते. वेदना भयंकर असतात. मिनिटं वाया घालवू नका.

डोळा. डोळ्याला नख लागलं, डोळा मिटून धरलाय, पाणी येतंय, बुबुळ धुरकट झालंय, यात सकाळपर्यंत थांबू नका. घरात पडलेले माणसाचे थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळावरची जखम चिघळून डोळा फुटू शकतो.

विजेची वायर चावली असेल तर ओठांवर किंवा जिभेवर पांढुरका भाजलेला पट्टा दिसतो. फुप्फुसांत पाणी मात्र नंतर भरतं, दिवस-दीड दिवसानेही, म्हणून मांजर खेळत असलं तरी दाखवायचं. गरम तेल किंवा चहा सांडला असेल तर नळाचं साधं गार पाणी १० ते २० मिनिटं हळू ओता. बर्फ, टूथपेस्ट, तूप यातलं काही लावू नका, आणि मग निघा.

साप चावल्याचा संशय (तोंडावर किंवा पंज्यावर झपाट्याने वाढणारी सूज, लाळ, पाय लुळे पडणं) असेल तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. मांजराला चालू न देता उचलून न्या.

लघवी हा मुद्दा लोक विसरतात. मार लागल्यावर १२ तासांत मांजराने लघवी केली नाही तर डॉक्टरकडे जा. बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि थेंबही येत नाही, तर लागलेलं असो वा नसो, लगेच न्या. शेपटी दारात सापडून किंवा चाकाखाली जाऊन खेचली गेली तर मणक्याच्या शेवटच्या नसा ताणल्या जातात आणि मूत्राशयाचं नियंत्रण जातं. अशा लोंबत्या शेपटीच्या मांजराची लघवी मुद्दाम बघावी लागते.

पावसाळ्यात एक गोष्ट आणखी. जखमेवर माशी बसली की दिवसभरात अळ्या पडू शकतात. केसांखाली वळवळ दिसली किंवा कुजका वास आला तर टर्पेंटाइन, फिनेल किंवा गुरांच्या जखमेवर लावायचं औषध ओतू नका. मांजर ते चाटून विषबाधेने मरतं. अळ्या दवाखान्यात, गुंगी देऊन, एकेक चिमट्याने काढाव्या लागतात.

रक्त थांबवणं

चार किलोच्या मांजराच्या अंगात रक्त असतं अवघं पाव लिटरच्या आसपास. त्यामुळे वाटीभर रक्त जाणं म्हणजे थोडं जाणं नाही. स्वच्छ सुती रुमालाची किंवा गॉजची चौपदरी घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं अजिबात उचलून बघू नका. थांबलं का म्हणून दर अर्ध्या मिनिटाने उचललं की नुकती धरलेली गुठळी निघते आणि पहिल्यापासून सुरू. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवा. पाच मिनिटांनी वाहतच असेल, किंवा रक्त लालभडक आणि ठोक्याठोक्याने उडत असेल, तर दाब तसाच ठेवून निघा. कापूस जखमेत चिकटतो, तो नको. पायाला दोरी किंवा रबरबँड बांधू नका.

संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने पंजे आणि काखा कापतात. मांजावर बंदी असली तरी तो झाडांवर, तारांवर लटकत राहतो. अंगाला गुंडाळलेला मांजा ओढू नका, कात्रीने तुकडे करून सोडवा. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर कधीच ओढायचा नाही. दुसरं टोक आत अडकलेलं असतं आणि ओढल्यावर आतडं करवतीने चिरल्यासारखं कापतं.

भांडणातला चावा: सगळ्यात फसवी जखम

बाहेर जाणाऱ्या मांजरांत, विशेषतः नसबंदी न केलेल्या बोक्यांत, हे सतत होतं. मांजराचा सुळा बारीक आणि टोकदार असतो. तो इंजेक्शनच्या सुईसारखा कातडीतून आत जातो, तोंडातले जंतू खोल सोडतो आणि बाहेर येतो. वरचं भोक काही तासांत मिटतं. आत जंतू वाढतात, दोन ते चार दिवसांत पू साठतो, गळू फुगतं. म्हणजे ज्या दिवशी चावलं त्या दिवशी काही दिसत नाही, आणि ज्या दिवशी मांजर खाणं सोडून कोपऱ्यात बसतं त्या दिवशी भांडण कोणाच्या लक्षात नसतं.

टोचा शोधायचा तर बोटं ओली करून केस उलट्या दिशेने विंचरा. चार-सहा केस एकत्र चिकटून झालेली छोटी शेंडी सापडेल, तिच्या बुडाशी मोहरीएवढी खपली. एक सापडली की सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर दुसरी शोधा, सुळे जोडीने असतात. मांजर समोरासमोर भिडलं असेल तर या खुणा गालावर, कपाळावर, पुढच्या पायांवर असतात. पळत सुटलं असेल तर शेपटीच्या बुडाशी आणि मांड्यांवर.

चावा सापडला की पहिल्या चोवीस तासांत दवाखान्यात न्या. सूज नसली तरी. या टप्प्यावर प्रतिजैविक सुरू झालं तर गळू होण्याचं बहुतेक वेळा टळतं. चौथ्या दिवशी गेलात तर भूल देऊन चिरावं, धुवावं लागतं, कधी नळी ठेवावी लागते. रात्री कळलं आणि मांजर खातंय, श्वास ठीक आहे, तर सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही. गळू आपोआप फुटलं तर घाण वासाचा पू येतो आणि मांजराला एकदम हलकं वाटतं, ते जेवायला लागतं. तरीही न्यायचं, कारण वरचं तोंड मिटून आत पुन्हा साठतं. गळू पिळू नका. छातीवरच्या टोच्याला मात्र सकाळची सवलत नाही, पू छातीच्या पोकळीत जाऊ शकतो.

घरात उरलेल्या प्रतिजैविकाची अर्धी गोळी देण्याचा मोह होतो. मात्रा चुकते आणि अर्धवट मारलेले जंतू गळू आतल्या आत धुमसत ठेवतात. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी दिली तर ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते. पुढे ती नलिका आखडते आणि मांजराला गिळता येत नाही.

भटक्या बोक्याने चावलं असेल तर साधारण दोन महिन्यांनी रक्त तपासून घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. मांजरांच्या प्रतिकारशक्तीवर घाला घालणारा विषाणू अशाच चाव्यातून पसरतो आणि लगेच केलेल्या चाचणीत सापडत नाही.

लंगडणं

पाय टेकवतंय पण जपून, खातंय, उडी मारायला बघतंय: खोलीत बंद ठेवा, कपाटं-खिडक्या बंद, आणि चोवीस तास थांबा. कमी झालं नाही तर दाखवा. पाय अजिबात टेकवत नाही, वाकडा दिसतो, झपाट्याने सुजलाय, किंवा जखमेतून हाड दिसतंय, तर आजच. मोडलेल्या पायाला घरी पट्टी-फळी बांधू नका. मांजराच्या पायाला कामट्या बांधताना मोड अजून सरकतो, आणि खूप घट्ट बांधलं तर पंजा काळा पडतो. पिंजऱ्यात जाड टॉवेलवर त्याला हवं तसं पडू देणं हीच उत्तम फळी.

बरेचदा लंगडण्याचं कारण निघतं तुटलेलं नख. मुळापर्यंत फाटलं असेल तर डॉक्टर काढून देतात. टोक तुटून नुसतं रक्त येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. आणि लंगडणाऱ्या मांजराला ताप असेल तर मुरगळलं असं गृहीत धरू नका. बरेचदा पायावर चावा असतो.

घरी काय सांभाळता येतं

वरवरचा ओरखडा, कडा उघड्या पडलेल्या नाहीत, खाली मांस दिसत नाही, सांध्यावर, डोळ्याजवळ किंवा छाती-पोटावर नाही, आणि मांजर नेहमीसारखं खातंय, हिंडतंय. एवढं सगळं जुळलं तरच. कडा उघडल्या असतील तर टाक्यांचा निर्णय पहिल्या सहा ते आठ तासांत व्हावा. नंतर जखम दूषित धरली जाते आणि उघडीच ठेवून भरू द्यावी लागते.

धुण्यासाठी औषधाच्या दुकानातली नॉर्मल सलाइनची बाटली सर्वांत सोयीची. नसेल तर अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम मीठ. २० मिलिलिटरची सिरिंज सुई काढून भरा आणि जखमेवर धार सोडा, पाच-सहा वेळा. बोटाने चोळू नका. भोवतीचे केस कात्रीने कापू नका, मांजराची कातडी पातळ आणि सैल असल्याने केसांबरोबर तीही कात्रीत येते. बेटाडिन द्रावण लावायचं तर पाण्यात फिकट कोऱ्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पातळ करा, लावून दोन मिनिटांनी टिपून घ्या.

डेटॉल नको. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि जखमेवर लावलेलं सगळं शेवटी त्याच्या पोटात जातं. हायड्रोजन पेरॉक्साइड नवीन पेशी जाळतं. हळद विषारी नाही, पण तिची पूड जखमेत खडे करून बसते आणि डॉक्टरला ती आधी धुवावी लागते. धनुर्वाताचं इंजेक्शन आपण माणसाला लगेच देतो म्हणून मांजरालाही मागितलं जातं. मांजरात धनुर्वात क्वचितच होतो, त्याची गरज सहसा नसते.

पट्टी बांधू नका. चाटू मात्र द्यायचं नाही, कारण जिभेवरचे काटे खपली खरवडून काढतात. गळ्यात शंकूची कॉलर घाला, किंवा जाड पुठ्ठ्याची करा. गळा आणि कॉलर यांच्यात दोन बोटं जायला हवीत आणि ताटलीतून खाता यायला हवं.

वाट बघायची तर वहीत वेळ लिहून बघायची. सकाळ-संध्याकाळ श्वास, किती खाल्लं, लघवी झाली का, जखमेची लाली कुठपर्यंत आहे. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर दवाखाना. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साठून नवाच जीवघेणा आजार उभा राहतो. सूज वाढली, पू आला, वास आला, मांजर लपून बसलं, यातलं काहीही झालं की घरगुती उपचार संपले.

गोळी देऊ नका

हे वेगळं लिहावं लागतं कारण यात मांजरं मरतात, आणि मायेपोटी मरतात. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल म्हणजे पॅरासिटामॉल. मांजराच्या यकृतात ते निष्प्रभ करणारी यंत्रणा फार तोकडी आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते, लहान मुलांचं सिरपही सुरक्षित नाही. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही आहे, दोन्ही घातक. डिस्प्रिन, डायक्लोफेनॅक, कुत्र्यासाठी आणलेलं वेदनाशामक, कुत्र्याच्या गोचिडांची परमेथ्रिन असलेली पावडर, सगळं वर्ज्य.

नेताना

वरून उघडणारा पिंजरा उत्तम. नसेल तर प्लॅस्टिकची भाजीची टोपली, तिच्यावर तशीच दुसरी उपडी ठेवून दोरीने बांधलेली. हातात धरून रिक्षात बसू नका, हॉर्न वाजला की मांजर उडी मारतं. मणक्याला लागल्याची शंका असेल तर पुठ्ठ्यावर किंवा मोठ्या ट्रेवर सरकवून घ्या, काखेत हात घालून उचलू नका. पिंजऱ्यावर पातळ कापड टाका. खायला घालू नका, भूल द्यावी लागेल. झोकांड्या खाणाऱ्या मांजराच्या तोंडात दूध-पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं.

रात्री कुठे जायचं हे आज, मांजर ठणठणीत असताना शोधून फ्रिजवर लावा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूर आणि शिरवळलाही पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात बहुतेक काम गुरांचं असतं, म्हणून मांजराच्या एक्स-रेची आणि भुलेची सोय आहे का ते फोनवर विचारून ठेवा. निघतानाही फोन करा, म्हणजे प्राणवायूची तयारी होते.

या धावपळीत मांजर तुम्हाला चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि स्वतःही दवाखान्यात जा. मांजराचा चावा हाताच्या सांध्यात खोल जातो, दुसऱ्या दिवशी हात सुजतो, आणि रेबीजच्या लसीचा निर्णय त्याच दिवशी घ्यावा लागतो.

डॉक्टरला सांगायचं ते एवढं: केव्हा लागलं किंवा शेवटचं ठीक कधी पाहिलं, कशाने, श्वासाचे आकडे, शेवटची लघवी, शेवटचं खाणं, लसी. मोबाइलवर चालण्याचा आणि श्वासाचा छोटा व्हिडिओ घ्या, कारण टेबलावर मांजर गोळा होऊन बसतं आणि लंगडून दाखवत नाही. घरात कोणी गोळी दिली असेल तर ते सगळ्यात आधी सांगा आणि पाकीट पुढे करा. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, पण तो जितक्या लवकर दिला तितका लागू पडतो.